आवाज चढण्याआधी: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात नोकरीला किंवा शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच काही प्रश्न हमखास विचारले जातात. आडनाव काय? मूळचे कुठले? घरात नॉनव्हेज करता का? मराठी येतं का? विचारणाऱ्याच्या मनात कधी साधी चौकशी असते, कधी सरळसरळ चाचपणी. ऐकणाऱ्याला ते टोचतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत एक तर तो तोंड मिटून घेतो किंवा भांडण जुंपतं. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी आहे. तुम्ही लातूरहून हिंजवडीत आला असाल, इंफाळहून विमाननगरला आला असाल, किंवा जन्म सदाशिव पेठेत काढून आता वाकडच्या बावीस मजली सोसायटीत राहायला गेला असाल. त्या सोसायटीत तुम्हीही नवखेच.

वसतिगृहांतले आणि सोसायट्यांतले असे वाद मिटवायच्या बैठकांना मी बसते. दोन्ही बाजूंचं ऐकून घेणं एवढंच माझं काम. शांत राहणं सवयीनं जमतं, हे मी तिथे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. फक्त ती सवय भांडण पेटल्यावर लागत नाही, आधी लावून घ्यावी लागते. म्हणून पहिली पायरी घरी, एकट्यानं करायची आहे.

पायरी १: आपलं दुखरं ठिकाण शोधा

एक कागद घ्या आणि हे वाक्य पुरं करा: "मला कुणी … म्हटलं की माझं डोकं फिरतं." एकदा लिहून थांबू नका, सुचेल तितक्या वेळा लिहा. प्रामाणिकपणे लिहायचं असेल तर कागद कुणाला दाखवायचा नाही, असं आधीच ठरवा.

नागपूरचा मुलगा "काय करून राहिला बे" म्हणाला आणि मागच्या बाकावर खसखस पिकली, की त्याचं ठिकाण तिथं. कोल्हापूरची मुलगी "मी आलो" म्हणाली आणि कुणीतरी "आलो की आले?" असं हसत दुरुस्त केलं, तिचं ठिकाण तिथं. कुणाला "दिसत नाहीस हं त्यातली" हे वाक्य ऐकू आलेलं असतं, आणि बोलणाऱ्यानं ते कौतुक म्हणून म्हटलेलं असतं. कुणाला "तुम्ही भारतीयच ना?" असं पुणे स्टेशनच्या रांगेत विचारलेलं असतं. जुन्या पुणेकरांचंही ठिकाण असतं: "तुम्ही लोक माणूसघाणे" हे वर्षानुवर्षं हसण्यावारी नेऊन ते आतून कंटाळलेले असतात.

मग प्रत्येक वाक्यासमोर लिहा, हे पहिल्यांदा कधी लागलं होतं. बहुतेक वेळा उत्तर जुनं निघतं. शाळेतल्या बाईंचं बोलणं, बँकेच्या खिडकीपाशी वडिलांना कुणी केलेली अरेतुरे, असं काहीतरी. आज समोर उभ्या असलेल्या माणसावर तुम्ही चिडता तेव्हा त्यातला बराच राग त्या बाईंच्या नावचा असतो. हे कळल्यानं राग जात नाही, पण तो कुणाला किती द्यायचा याचा हिशेब लागतो.

कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट लिहा, आणि ही टाळू नका: मी सहज विचारतो किंवा बोलतो अशा कुठल्या गोष्टी दुसऱ्याला लागत असतील? ही बाजू भरायला जास्त वेळ लागतो.

पायरी २: अंगात काय होतंय ते टिपायला शिका

दूध उतू जाण्याआधी कडेची साय हलायला लागते. माणसाचंही तसंच, फक्त प्रत्येकाची कड वेगळी. कुणाचे कान तापतात, कुणाची दातखीळ बसते, कुणाचे तळहात ओले होतात. कुणी भराभरा बोलायला लागतं, तर कुणाचा आवाज एकदम खाली जातो, जो चढलेल्या आवाजापेक्षाही वाईट. स्वतःचं लक्षण माहीत नसेल तर घरच्यांना विचारा. त्यांना ते पाठ असतं.

मराठी बोलणाऱ्यांसाठी मला आणखी दोन खुणा फार उपयोगी वाटतात. पहिली म्हणजे संबोधन सरकतं. "तुम्ही"चं "तू" होतं, किंवा उलट, इतका वेळ "अगं" म्हणणारी व्यक्ती अचानक "हे बघा, तुम्ही" म्हणू लागते. दुसरी खूण म्हणजे भाषा बदलते. वाद तापला की पुण्यात पुष्कळ जण इंग्रजीवर जातात, कारण तिथं आपला वरचष्मा राहील असं वाटतं. समोरच्याचं इंग्रजी तोकडं असेल तर त्याला ते थपडेसारखं लागतं. आपल्या तोंडून भाषा बदलली असं जाणवलं, की समजा आपण तापलो आहोत, आणि परत आधीच्या भाषेवर या.

तापल्याचं कळलं की करायच्या गोष्टी दोनच. श्वास चार आकड्यांत घ्या आणि सहा आकड्यांत सोडा, असं चार-पाच वेळा. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित कमी होतो, म्हणून सोडणं लांबवायचं. समोरच्याला ते दिसतसुद्धा नाही. दुसरी गोष्ट, भावनेला मनातल्या मनात नाव द्या: "मला अपमान वाटतोय", "मला भीती वाटतेय", "मला लाज वाटतेय". लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना भेदरलेल्या, चिडलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची सळसळ कमी झाली. धोक्याची घंटा वाजवण्यात या भागाचा मोठा हात असतो. प्रयोगशाळेतले फोटो आणि जिन्यातलं भांडण यांत फरक आहेच. तरी बैठकांत माझा अनुभव असा आहे की "मला राग आलाय" यावर न थांबता त्याच्या खालचं नाव सापडलं, तर माणूस पुढचं वाक्य वेगळं बोलतो. रागाच्या खाली बहुतेकदा अपमान किंवा भीतीच निघते.

पायरी ३: जागा आणि वेळ तुम्ही निवडा

लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्यात, दारात उभं राहून बोलायचं नाही. तिथं बघे जमतात, आणि बघे जमले की माघार घेणं कुणालाच परवडत नाही. "यावर नीट बोलू या, संध्याकाळी सातला चालेल?" एवढं म्हणून वेळ मागून घ्या. वेळ नेमकी सांगा, नाहीतर ती पळवाट वाटते. अमृततुल्यात उभ्यानं चहा पिताना असं बोलणं सोपं जातं, कारण दोघं एकमेकांकडे टक लावून बघत नसतात आणि कप संपला की निघायला निमित्त असतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर असलं काहीही लिहू नका. पाहिजे तर टाइप करा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पुन्हा वाचा. बहुतेक जण सकाळी पुसून टाकतात. संदेशांतून भीती किती वेगानं पसरते हे या शहरानं ऑगस्ट २०१२ मध्ये पाहिलं आहे. आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवांचे एसएमएस फिरले, आणि ईशान्येकडची हजारो मुलंमुली पुणे आणि बेंगळुरूहून गावी जाणाऱ्या गाड्यांत बसली. घाऊक एसएमएसवर सरकारला पंधरा दिवस निर्बंध घालावे लागले. त्या दिवसांत शेजारच्या घराची बेल वाजवून "तुम्ही ठीक आहात ना?" विचारणारा एकेक माणूस मोलाचा होता.

पायरी ४: आधी एक खरा प्रश्न

खरा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असा. "तुम्हाला काही वाटत नाही का?" हा प्रश्न नाही, तो आरोप आहे.

वाकडमधल्या एका इमारतीतला प्रसंग सांगते. मणिपूरची एक मुलगी आणि रत्नागिरीची एक मुलगी एकत्र राहत होत्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी मणिपूरच्या मुलीनं एरोम्बा करायला घेतला होता. त्यासाठी नगारी, म्हणजे वाळवून आंबवलेले मासे, भाजून घेतात. त्याचा वास जबर असतो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी बेल वाजवली. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत देते.

"अगं, हा कसला वास येतोय? आमच्याकडे आज सत्यनारायण आहे."

रत्नागिरीची मैत्रीण आतून तावातावानं आली. "काकू, तुम्हा लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची—" तिच्या घरी सुकटीच्या वासावरून असंच कुणीतरी बोललं होतं, ते सगळं वर आलं होतं.

मणिपूरच्या मुलीनं हातातलं उलथनं ओट्यावर ठेवलं, हात ओढणीला पुसले आणि मग दाराशी आली. तेवढ्या वेळात तिनं श्वास मोजला होता, असं तिनं मला नंतर सांगितलं. तिनं विचारलं, "काकू, पूजा किती वाजता आहे?"

"अकराला. पाहुणे साडेदहाला येतील."

"मग आता गॅस बंद करते आणि खिडक्या उघडते. पण काकू, हे आमचं नेहमीचं जेवण आहे. ते मी बंद नाही करणार. संध्याकाळी येऊ का? काय करायचं ते ठरवू."

पहिला प्रश्न वासाविषयी नव्हता, वेळेविषयी होता, आणि त्याला सरळ उत्तर होतं. काकूंची खरी काळजी पाहुण्यांची होती हे त्यातून उघड झालं. लगेच करता येईल ते तिनं लगेच केलं, आणि जे सोडायचं नव्हतं ते हसून किंवा माफी मागून झाकलं नाही. संध्याकाळी ठरलं ते असं: नगारी भाजताना स्वयंपाकघराचं दार लावायचं, एक्झॉस्ट चालू ठेवायचा, आणि काकूंच्या घरी कार्य असेल तर त्यांनी आदल्या दिवशी सांगायचं. काकूंना तो वास आजही आवडत नाही. तो आवडावा अशी अटही नव्हती.

रत्नागिरीच्या मुलीच्या तोंडचे दोन शब्द मात्र टाळायला शिका: "तुम्ही लोक". हे कानावर पडलं की समोरचा माणूस आपल्या अख्ख्या जातीची, गावाची, धर्माची वकिली करायला उभा राहतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. एका माणसाविषयी, एका दिवसाविषयी बोला. "काल रात्री बारापर्यंत गाणी चालू होती, माझ्या बाळाला झोप लागली नाही" हे भांडण नाही, तक्रार आहे, आणि तक्रारीवर तोडगा निघतो.

उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की…" तो "हो, हेच" म्हणेपर्यंत आपला मुद्दा मांडू नका. हे ऐकायला सोपं आहे, पण करून बघा. आपण समोरच्याचं किती कमी ऐकतो ते पहिल्याच फटक्यात कळतं.

पायरी ५: भाषेचा वाद

हा वाद इतक्या वेळा माझ्यापर्यंत येतो की त्यावर जरा थांबते.

बाहेरून आलेल्यांनी आधी हे समजून घ्या की "मराठीत बोला" या वाक्यामागे इतिहास आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं ते सहज नाही झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. जून २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे आदेश लोकांच्या विरोधामुळे सरकारनं मागे घेतले. जखम जुनी आहे आणि खपली ताजी. रिक्षावाले काका किंवा भाजीवाल्या मावशी तुमच्याशी मराठीत बोलण्याचा आग्रह धरतात, तेव्हा तो तुमच्यावरचा हल्ला आहे असं धरून चालू नका. "मी मराठी शिकतोय, जरा सावकाश बोलाल का?" हे एक वाक्य पहिल्या आठवड्यात पाठ करा. मोडकंतोडकं म्हटलं तरी समोरचा चेहरा सैलावतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता आपल्या मराठी माणसांसाठी. मराठीचा आग्रह धरणं रास्त आहे, आणि तो धरलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण आपण काय करतो? समोरचा अडखळला की एका वाक्यात स्वतःच हिंदीवर जातो आणि घरी येऊन मराठी कुणी बोलत नाही म्हणून तणतणतो. मग एके दिवशी तो साचलेला राग काउंटरवरच्या एखाद्या पोरावर निघतो, ज्याला पुण्यात येऊन महिनाही झालेला नसतो. त्याऐवजी मराठीतच राहा. सावकाश, छोट्या वाक्यांत, हातवारे करून. त्यानं हिंदीत उत्तर दिलं तर देऊ द्या, तुम्ही मराठी सोडू नका. माझ्या ओळखीच्या एका आजी इमारतीच्या सुरक्षारक्षकाशी रोज मराठीतच बोलत राहिल्या. तो आता पार्सलवाल्यांशी मराठीत हुज्जत घालतो. कुणाचा मोबाइल काढून चित्रीकरण करत "बोल मराठीत" म्हणण्यानं त्या माणसाच्या तोंडात मराठी येत नाही, मनात मात्र मराठीविषयी कायमची अढी बसते.

ऑफिसातल्या परदेशी सहकाऱ्यांबाबत थोडक्यात. चाकणच्या कारखान्यांत जर्मन मंडळींशी काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, की ते सगळ्यांसमोर "हे चुकलंय" म्हणतात. ते कामाबद्दल बोलत असतात, आपण ते अंगाला लावून घेतो. उलट आपण अवघडून "हो, होईल" म्हणतो, ते त्याला शब्द मानतात. होणार नसेल तर त्याच दिवशी सांगा आणि कधी होईल तेही सांगा.

पायरी ६: शांततेचा भार कुणावर, ते पाहा

शांत राहा, असा सल्ला नेहमी दुखावलेल्यालाच दिला जातो, हे मला मान्य नाही. ज्याला भाड्याचं घर बघताना दर वेळी आडनाव विचारलं जातं आणि ते सांगितल्यावर "घर आताच गेलं हो" असं ऐकावं लागतं, त्याच्यावर आणि घरमालकावर शांत राहण्याची सारखीच जबाबदारी टाकता येत नाही. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई अंगावर शेणचिखल झेलत शाळेत जात आणि तिथं बदलायला दुसरं लुगडं सोबत ठेवत. त्यांची शांतता आपण आदरानं आठवतो, पण शेण फेकणाऱ्यांना तेव्हा शांत राहायला कुणी सांगितलं होतं का, हा प्रश्न विसरतो.

येरवड्याच्या तुरुंगातल्या सप्टेंबर १९३२ च्या वाटाघाटी बघा. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी २० तारखेला उपोषण सुरू केलं. त्यांच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर दोष आपल्यावर आणि आपल्या समाजावर येणार, हे दडपण घेऊन डॉ. आंबेडकर बोलत होते. २४ तारखेला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, पण प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ वर गेल्या. त्या टेबलावर दोन्ही बाजूंचं वजन सारखं नव्हतं. आपल्या रोजच्या टेबलांवरही ते क्वचितच सारखं असतं. म्हणून बोलणं सुरू होण्याआधी स्वतःला विचारा: हे फिसकटलं तर घर, नोकरी, अब्रू कुणाची जाईल? ज्याचं कमी जाणार आहे, त्यानं जास्त ऐकायचं.

तुम्हाला आडनाव विचारलं गेलं तर "का विचारताय?" असं सरळ, सपाट आवाजात विचारायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. फक्त पहिलं नाव सांगून गप्प बसायचीही आहे. समोरच्याला जात म्हणजे काय ते शिकवत बसणं तुमचं काम नाही. ताकद असेल त्या दिवशी शिकवा. आणि विचारणारे तुम्ही असाल तर प्रश्न ओठावर येताना एवढं पाहा, की उत्तर काहीही आलं तरी तुमच्या वागण्यात फरक पडणार आहे का. पडणार नसेल तर विचारायची गरज नाही. पडणार असेल तर तो प्रश्न आधी स्वतःलाच विचारा.

पायरी ७: थांबणं आणि परत येणं

श्वास मोजूनही डोकं तापतच असेल तर उठा. नवराबायकोच्या भांडणांचा अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन किमान वीस मिनिटांची सुट्टी घ्यायला सांगतात, कारण चढलेलं शरीर खाली यायला तेवढा वेळ लागतो. त्या वीस मिनिटांत मनात भांडणाची उजळणी करत बसलात तर सुट्टी फुकट. इमारतीला फेरी मारा, भांडी घासा, कुणाला तरी दुसऱ्याच विषयावर फोन करा. जाताना "मी आठ वाजता परत येते" असं सांगून जा आणि आठला परत या.

मात्र धमकी आली, जातीवरून किंवा धर्मावरून शिवी आली, अंगाला हात लागला, तर तो संवाद उरत नाही. तिथं समजूतदारपणा दाखवत थांबू नका. निघा, जवळच्या माणसाला कळवा, गरज असेल तर ११२ ला फोन लावा. काय घडलं ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

तुमच्याकडून चुकीचा शब्द गेला असेल तर दुसऱ्या दिवशी समोर जाऊन म्हणा, "काल मी जे बोलले ते चुकलं." एवढंच. त्याच्यापुढे "पण" लावू नका आणि त्यांनी लगेच माफ करावं अशी अपेक्षाही ठेवू नका. मग पहिल्या पायरीचा कागद काढा आणि कालच्या भांडणात जे नवं कळलं ते त्यात लिहा. बहुतेकदा ते मागच्या बाजूला जातं.